रेमडेसिविरच्या चिठ्ठीचा हिशेब अजून कुणी दिलेला नाही

तरुण माणूस अचानक गेला की हल्ली स्मशानातच कुणीतरी विचारतं, "कोरोनाची लस घेतली होती का?" आणि शिकलेली मंडळी त्याला अडाणी ठरवून मोकळी होतात. असं अडाणी ठरवणं मला अजिबात पटत नाही. हा अविश्वास उगाच आलेला नाही.

एप्रिल 2021 आठवा. रेमडेसिविरसाठी लोक मेडिकलबाहेर रात्र रात्र रांगा लावून होते. दागिने मोडून काळ्या बाजारातून इंजेक्शनं आणत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र नोव्हेंबर 2020 मध्येच रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना हे औषध देऊ नये, असा सल्ला दिला होता. प्लाझ्माचंही, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याचंही तेच. आयसीएमआरनेच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर चाचणी घेतली होती, त्यात फायदा दिसला नव्हता. तो निकाल ऑक्टोबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तरी मे 2021 पर्यंत प्लाझ्मा उपचारांच्या सूचनांमध्ये होताच, आणि डोनर शोधता शोधता नातेवाईक रडकुंडीला येत होते.

आजार नवा होता, उपचार बदलणारच, हे मला मान्य आहे. पण चिठ्ठी हातात देऊन ज्यांनी पळायला लावलं, त्यांच्यातलं कुणी नंतर त्या घरी गेलं का? "इंजेक्शन मिळालं नाही म्हणून तुमचे वडील गेले, असं मनाला लावून घेऊ नका," एवढं तरी कुणी सांगितलं का? आपण कमी पडलो, हे ओझं कितीतरी मुलं आजही वाहतायत. ज्या घरात हे घडलं, तिथं पुढच्या वेळी डॉक्टरांचा शब्द सहज कसा मानला जाईल?

मी लसीच्या बाजूचा आहे. आयसीएमआरने 18 ते 45 वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, त्यात कोविड लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. पण ही माहिती बातमीत आली आणि तिथंच राहिली, चावडीपर्यंत पोचलीच नाही. लसीकरण मागं पडलं की काय होतं, ते 2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवरानं दाखवलं. कोरोनाच्या काळात नेहमीचे डोस चुकलेली लेकरं दगावली.

आशाताईंचं मात्र लोक अजून ऐकतात, कारण सगळे घरात बसले होते तेव्हा त्या ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या. आरोग्य खात्यानं हे अभ्यास साध्या मराठीत त्यांच्या हाती द्यावेत, प्रश्नांना उत्तरं द्यायला ग्रामसभेत त्यांच्या शेजारी डॉक्टरांना बसवावं, आणि त्यांचं मानधन दर महिन्याला वेळेवर द्यावं.