गाणारा उठून गेला

पार्सल आलं की आमच्या घरात पहिला प्रश्न "केवढ्याला पडलं?" आणि रेकॉर्ड लावली की दुसरा, आईचा, "गाणारा उठून गेला का रे?"

तिचं चूक नाही. डब रेगेत, म्हणजे जमैकातल्या रेगे गाण्याच्या गाळून-पुसून केलेल्या रूपात, गायक दाराआडून डोकावल्यासारखी एक ओळ म्हणतो, तिचं शेपूट घुमत घुमत लांब जातं आणि मागे उरतात ड्रम आणि बेस. बेस असा की मांडणीतल्या वाट्या एकमेकींशी कुजबुजायला लागतात.

मग मी आईला गोष्ट सांगितली. १९६८च्या आसपास जमैकात रूडी रेडवूड नावाचा साउंड सिस्टिमवाला, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचाला रेकॉर्डी वाजवणारा, होता. त्याच्यासाठी ट्रेझर आइल स्टुडिओत तबकडी कापताना आवाजाचा ट्रॅक राहूनच गेला. त्याने ती तशीच नाचाला नेली, आणि गाळलेले शब्द लोकांनीच गाऊन रात्र डोक्यावर घेतली.

"म्हणजे चूक झाली."

"हो, पण..."

"आणि त्या चुकीचे पैसे तू भरतोस."

किंग टबीपाशी मात्र ती जरा थांबली, कारण तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत, राहत्या घरातच त्याचा चिमुकला स्टुडिओ. दुसऱ्यांनी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं यायचं. हा आवाजाच्या मिक्सरपुढे बसून गिटार पुसायचा, आवाज पुसायचा, हवं तिथे इको सोडायचा. स्प्रिंग रिव्हर्बच्या, म्हणजे स्प्रिंगांनी आवाज घुमवणाऱ्या, पेटीला थापड मारली की वीज कोसळल्यासारखा कडकडाट! वादकाइतकाच इंजिनिअरही कलावंत असतो, हे त्या घरातून जगाला कळलं.

"आपला रेडिओवालाही थापडच मारायचा," आई म्हणाली. "त्याच्या नाही कुणी रेकॉर्डी काढल्या."

आता माझी व्यथा. जमैकाची सात इंची तबकडी घ्यावी तर भोक एवढं मोठं की आमच्या टर्नटेबलवर ती पाहुण्यासारखी कुठेही सरकते. अडॅप्टर हरवला, म्हणून जुन्या स्लिपरच्या रबराचा कापला. तो जरा तिरका बसतो, त्यामुळे सूर डुलतात. पण डब आधीच पाण्याखालून आल्यासारखं, कुणाला पत्ता लागत नाही. कितीतरी तबकड्यांच्या लेबलवर नाव नाही, गाव नाही. विकणारा ‘व्हेरी गुड’ म्हणतो म्हणजे ओरखडे आहेत. एकदा चार वेगवेगळ्या रेकॉर्डी मागवल्या. चौघींच्या मागच्या बाजूला ‘व्हर्जन’, म्हणजे गाणारा वगळलेलं गाणं, आणि चारही ठिकाणी बेस तोच! जमैकात हे सर्रास चालतं. त्याला रिडिम म्हणतात: ड्रम-बेसची एकच साथ, तिच्यावर वाटेल तितकी गाणी. आपल्याकडे एका चालीवर दहा अभंग म्हणतातच की, असं स्वतःला समजावलं. पण अभंगाला दर खेपेला कस्टम ड्युटी पडत नाही.

परवा ऑगस्टस पाब्लोची एक मिळाली, मिक्स टबीचं. मेलोडिका म्हणजे शाळकरी पोरांचं फुंकून वाजवायचं वाद्य, त्याने ते असं वाजवलंय की डोळे मिटतात. मी मिटले. एकच तुकडा परत, परत, परत. काय धाडस टबीचं! इतका वेळ तोच इको धरून ठेवायचा!

आई हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि करंगळीने सुई हलकेच पुढे ढकलली. खर्रर्र झालं, आणि गायकाने अर्धी ओळ म्हटली.

"आला बघ," ती म्हणाली, आणि पोळ्या लाटायला आत गेली.