नॉयश्वानस्टाईन हजार वर्षांचा किल्ला नाही

जर्मनीतल्या बव्हेरियामधील नॉयश्वानस्टाईन या राजवाड्याचे बर्फातले फोटो 'हजार वर्षांपूर्वीचा अभेद्य किल्ला' अशा मजकुरासह फिरतात. ते चुकीचे आहे. त्याची पायाभरणी ५ सप्टेंबर १८६९ रोजी झाली.

शत्रू अडवायला तो बांधलाच नव्हता. राजा दुसरा लुडविग याला मध्ययुगीन आख्यायिकांचे वेड होते. सुरुवातीची चित्रे त्याने क्रिस्टियान यांक या रंगभूमीच्या नेपथ्यचित्रकाराकडून काढून घेतली. भिंती विटांच्या, वरून चुनखडीच्या दगडाचे आवरण. आत गरम हवेची यंत्रणा, नळाचे पाणी, नोकरांना बोलवायला विजेच्या घंटा! माझ्या मते खरे नवल हेच आहे आणि खोट्या वयापायी नेमके तेच झाकले जाते.

'हा बांधताना लुडविगने सरकारी तिजोरी रिकामी केली' असे म्हणतात, तेही खरे नाही. राजाने स्वतःचा पैसा आणि प्रचंड कर्ज यांतून खर्च केला. जून १८८६ मध्ये तो वारला तेव्हा काम अपुरेच होते. सिंहासनाच्या दालनात आजही सिंहासन नाही. त्याच्या मृत्यूनंतर सातच आठवड्यांत वास्तू लोकांसाठी खुली झाली.

आत फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येते आणि फोटो काढायला मनाई आहे. खरोखर मध्ययुगीन काही पाहायचे असेल, तर मोझेल नदीजवळचा बुर्ग एल्ट्झ हा किल्ला गाठा. त्याची मुळे बाराव्या शतकातली आहेत आणि तो आजही मूळच्याच घराण्याकडे आहे.