‘अतोनात’ म्हणजे नुसते ‘पुष्कळ’ नव्हे
एका लेखात ‘अतोनात’ या क्रियाविशेषणाचा अर्थ केवळ ‘पुष्कळ’ असा दिला आहे, तो अपुरा वाटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना महापूर आला, तेव्हा आमच्या बेळगाव जिल्ह्यात उभा ऊस पाण्याखाली कुजला, घरांच्या भिंती खचल्या. त्याला आम्ही ‘अतोनात नुकसान’ म्हटले, कारण सोसण्याची सीमा ओलांडली गेल्याचा भाव त्या शब्दात आहे आणि ‘पुष्कळ’मध्ये तो मुळीच नाही. ‘तिला सासरी अतोनात छळले’ या वाक्यात ‘खूप’ घालून पाहावे. व्याकरण बिघडत नाही, पण यातनेची धार जाते. ‘अतोनात प्रेम’ही रूढ आहे हे मान्य, तरी तेही मर्यादेत न मावणारेच असते. ‘दुकानात अतोनात साखर आहे’ असे मात्र कोणी म्हणत नाही.