पारा जिल्ह्याचा, हवा खोलीची

अमरावतीकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्दी-तापाची साथ आली की एकच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, "एवढ्या तपनात कोणता विषाणू टिकते बाप्पा!" दुसरी म्हणते, आपले लोकच बेशिस्त, जर्मनीत पाहा. मी जर्मनीत राहतो म्हणून साक्षीला मला ओढतात, पण माझी साक्ष दोघांच्याही कामाची नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये इथल्या गांगेल्ट या खेड्याकडच्या भागात हीच शिस्तीची माणसं कार्निवलसाठी बंद सभागृहात जमली आणि कोरोना पंचक्रोशीत पसरला. जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, रेडा-विडेनब्रुकच्या एका कत्तलखान्यात दीड हजारांवर कामगार बाधित निघाले. मांसासाठी थंडगार ठेवलेल्या त्या शेडमध्ये तीच ती हवा फिरत होती. कामगार बहुतेक पूर्व युरोपातून आलेले, दाटीच्या खोल्यांत राहणारे. त्यांना बेशिस्त कोणत्या तोंडानं म्हणायचं?

हवामानाचा हात असतोच. कोरड्या थंडीत विषाणू जास्त टिकतो, उघड्या उन्हात लवकर मरतो. पण ऊन माणसालाही घरात कोंडतं. जे इथे डिसेंबर करतो, ते आपल्याकडे मे महिन्यातली दुपार करते. २०२० चा उन्हाळा खेड्यांत बरा गेला, त्याचं श्रेय तपनाला मिळालं. लॉकडाऊन कुणी हिशेबात धरलाच नाही. पुढे १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतींचं मतदान झालं, लग्नं लागली, विषाणूनंही रूप बदललं. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, आणि एप्रिलच्या रखरखाटात दवाखान्यांत खाटा मिळेनात.

२०२०-२१ च्या हिवाळ्यात जर्मन शाळांना सांगितलं होतं, दर वीस मिनिटांनी खिडक्या काही मिनिटं सताड उघडा. पोरं कोट घालून वर्गात बसायची. आपल्याला कोटाचीही गरज नाही. कुलर खिडकीत लावला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली की बाहेरची हवा आत येऊन निघून जाते. तोच खोलीच्या मधोमध ठेवून दार लावलं तर नुसती चिकचिक. घरचा एसी तर बहुतेक करून खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा देतो, आणि तालुक्याच्या ठिकाणचे नवे दवाखाने नेमके काचबंद, एसीचे. पेशंट तासन् तास आत खोकत बसतात! ग्रुपवर आमचे डॉक्टरही आहेत. त्यांना एवढंच म्हणणं आहे: तापाच्या पेशंटांसाठी बाहेर मांडव टाका, तिथे एक मोठा कुलर लावा, आणि नंबर आला की आवाज द्या.