मुंडकं आणि नाव

‘तीन राज्यांची कथा’ हा चिनी युद्धग्रंथ वाचायला घेतलेल्या माणसाशी घरच्यांनी जरा जपून बोलावं. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेली ही कादंबरी १२० प्रकरणांची. काळ इ.स. १८४ ते २८०, माणसं हजारावर. महाभारत पचवलेलं असल्यामुळे माझी छाती फुगलेली. पण पार्थ, धनंजय, सव्यसाची हा सगळा एकच माणूस, हे आजीने आपल्याला शाळेत जायच्या आधीच सांगून ठेवलेलं असतं. इथे आजी नाही. चतुर सल्लागार झुगे लिआंग पान उलटलं की खोंगमिंग होतो आणि चाओ युनचा झिलोंग होतो. शेवटी वहीत तक्ता आखला.

नाव पाठ व्हायला आणि मुंडकं उडायला मुहूर्त एकच. ह्वा शिओंग हे नाव कसंबसं तोंडात बसतंय, तोवर ग्वान यू हा योद्धा समोर ओतलेली गरम दारू तशीच ठेवून बाहेर पडतो आणि त्याचं मुंडकं घेऊन परत येतो. दारू अजून गरमच! तेवढ्यात तक्त्यात खाडाखोड करताना माझा चहा गार.

लेखकाचा सगळा जीव लिऊ बेईवर. हा राजघराण्यातला, पण दिवस फिरल्यामुळे चपला आणि चटया विणून पोट भरणारा. बिचारा ऊठसूट रडतो. मला विचाराल तर वाचायला मजा येते ती त्याच्या शत्रूची, त्साओ त्साओची, कारण तो निदान उघड लबाड आहे. लिऊ बेईचं तान्हं पोर छातीशी बांधून चाओ युन शत्रूच्या अख्ख्या फौजेतून घोडा काढतो, तर लिऊ बेई ते पोर घेऊन जमिनीवर आपटतो. ‘तुझ्यापायी माझा एवढा मोठा सेनापती गेला असता!’

हा प्रसंग मी भारावून बायकोला सांगितला.

“बाळाला लागलं का?”

“चाओ युनच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“ते नाही विचारलं मी.”

पुढे तोच पोरगा गादीवर बसला आणि २६३ साली राज्य शत्रूच्या हवाली करून मोकळा झाला. “लहानपणी डोक्यावर पडला होता ना,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. एवढं नेमकं विश्लेषण मला प्रस्तावनेतही सापडलं नव्हतं.

झोपेचं तर विचारूच नका. खोंगमिंग दाट धुक्यात पेंढा लावलेल्या वीस नावा शत्रूच्या तळापाशी नेतो, वर ढोल बडवायला लावतो, आणि घाबरलेला त्साओ त्साओ त्या पेंढ्यात रुतवून त्याला फुकटात लाखभर बाण पुरवतो. असं काही वाचल्यावर दिवा कोण मालवणार? त्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी जिवावरच्या संकटात, आणि लेखक म्हणतो, काय झालं ते पुढच्या प्रकरणात ऐका.

एवढं करून त्साओ, लिऊ आणि सुन ही तिन्ही घराणी पिढ्यान् पिढ्या एकमेकांची मुंडकी उडवत राहिली आणि अखेर सगळं साम्राज्य गेलं कुणाला, तर त्साओंच्या पदरी सेनापती असलेल्या सिमा यीच्या नातवाला. माझ्या तक्त्यात सिमा यी ‘इतर’ या रकान्यात होता.