अंगठा दिला, मोटर चालूच

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पूर्वी सूचना वही होती. साहेबांचे फर्मान तिच्यात उतरे, शिपाई ती काखेत मारून टेबलाटेबलाशी फिरे आणि प्रत्येक जण मजकूर न वाचता सही ठोकून तिला पुढे ढकले. ही व्यवस्था वर्षानुवर्षे सुखेनैव चालली होती. मग साहेब लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये नेतृत्व शिबिर करून आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केले की यापुढे कंपनीत वर-खाली कोणी नाही, सगळे एका पातळीवर, आणि ही समता व्हॉट्सअॅपवर नांदेल.

समता नांदली, पण ज्येष्ठताक्रमाने. साहेबांचा संदेश आला की पहिला अंगठा जनरल मॅनेजरांचा, मग खातेप्रमुखांचा, मग आम्हा अकाउंट्सवाल्यांचा. हा क्रम कोणी ठरवून दिलेला नाही, तरी तो काटेकोर पाळला जातो. एकदा जीएम भाच्याच्या लग्नासाठी रेंज नसलेल्या गावी गेले असता साहेबांचा सुविचार दुपारपर्यंत निराधार पडून होता. शेवटी खरेदी विभागातल्या एका नव्या मुलाने धीर करून त्यावर अंगठा उमटवला, तेव्हा ‘वदनी कवळ’ व्हायच्या आत वरणभाताला हात घालणाऱ्याकडे पंगत जशी पाहते, तसे आम्ही त्याच्याकडे पाहिले.

यातून सुटका नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करता येतात, पण त्या खासगी संवादापुरत्याच. गटात कोणी वाचले हे पाठवणाऱ्याला दिसतेच. २०२२ पासून गटातून गुपचूप बाहेर पडण्याची सोय झाली आहे, मात्र त्याची वर्दी तेवढी अॅडमिनला जाते, आणि आमचे अॅडमिन साहेबच आहेत. त्यातच २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस, ती उघडल्याचे खुणांवरून दिसते म्हणून, बजावली गेल्याचे मानले. हे कळल्यापासून आमचा एचआर विभाग त्या खुणांना पंचनाम्याचा मान देतो. त्याच वर्षी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक मांडले होते. तथापि १९७० नंतर संसदेने एकही खासगी विधेयक मंजूर केलेले नाही, ही माहिती आमच्या युनियनच्या अध्यक्षांनी साहेबांना वगळून काढलेल्या दुसऱ्या गटावर दिली, आणि तीही रात्री साडेअकराला.

या नव्या व्यवस्थेचा खरा कस गेल्या उन्हाळ्यात लागला. दुपारी साहेबांनी आपल्या केबिनच्या खिडकीतून पाहून संदेश टाकला, “टाकी भरून वाहते आहे. मोटर बंद करा.” जीएमनी अंगठा दिला. खातेप्रमुखांनी दिले. आम्हीही दिले; कोणी सोबत हात जोडले, एकाने “नोटेड सर” असे लिहिले, तर मार्केटिंगच्या बाईंनी पाणी वाचवण्याविषयीचे एक पोस्टर तत्परतेने डकवले. साहेबांनी त्या सहकार्याबद्दल सर्वांचे आभार मानले. तोवर पाणी जिन्यावरून उतरून पार्किंगमधल्या स्कूटरच्या चाकांना लागले होते. शेवटी गेटवरचे वॉचमनमामा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आले आणि त्यांनी बटण दाबले. मामांकडे साधा फोन असल्यामुळे त्यांच्यापर्यंत संदेश पोहोचलाच नव्हता, पाणी मात्र पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मोटरपाशी कोणाला नेमावे हा प्रश्न कोणी काढलाच नाही. मामा संपर्काच्या कक्षेबाहेर राहिले, ही त्रुटी असल्याचे एकमताने ठरले. त्यांना कंपनीच्या खर्चाने स्मार्टफोन देण्यात आला, ‘जलव्यवस्थापन कोअर टीम’ नावाचा गट निघाला आणि मुख्य गटातही त्यांची भर पडली.

साहेबांना रात्री उशिरा कल्पना सुचतात आणि मग ते गटावर विचारतात, “कोणी जागे आहे का?” एरवी त्यावर सारा कारखाना श्वास रोखून झोपेचे सोंग घेतो. मामांची मात्र रात्रपाळी असते. त्यांनी पहिल्याच रात्री “हो साहेब, जागाच आहे” असे प्रामाणिकपणे कळवले, आणि तेव्हापासून विक्रीचे आलेख, चाकणच्या नव्या शेडचा नकाशा, पुढल्या वर्षीचे उद्दिष्ट हे सारे आधी मामांकडे जाते. चाकणला पाण्याचा प्रश्न आहे, असे मामांनी लिहिल्यावर ती शेड लांबणीवर पडली म्हणतात. जीएम हल्ली सकाळी गेटपाशी गाडी थांबवून, काच खाली करून, मामांना चहा घेतला का म्हणून विचारतात.