चेंबर तासाभरात बदलून होत नाही

गाडीच्या चेंबरबद्दल, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याबद्दल, गेले काही आठवडे एक मजकूर मोबाईलवरून फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या एकाने खाली "या रविवारी उरकूनच टाकतो" असं लिहिलं होतं, म्हणून हे लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा:

"गाडीखाली तेलाचे डाग दिसले म्हणजे चेंबर गळतोय. गॅरेजची पायरी चढू नका, घरी तासाभराचं काम आहे. गाडी जॅकवर उचला, खालचे बोल्ट सोडा, जुनं पॅकिंग पॉलिश पेपरने घासून काढा, भरपूर सिलिकॉन लावून नवा चेंबर चढवा, अंगात असेल नसेल ती ताकद लावून बोल्ट आवळा, तेल ओता आणि निघा. तेवढंही नको असेल तर चिरेवर इपॉक्सी लावा. काहीच नाही केलं तरी लाल दिवा लागेपर्यंत काळजीचं कारण नाही."

चेंबर घरी बदलता येतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः दोन गाड्यांचे बदललेत आणि दोन्ही आजही कोरडे आहेत. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर माणसाच्या जिवावर उठणारं आहे, नाहीतर इंजिनाच्या. ओळीने घेतो.

"डाग दिसले म्हणजे चेंबर." चेंबर इंजिनाच्या सगळ्यात खाली असतो आणि तेल वरून खाली येतं. त्यामुळे गळती वर कुठेही असली तरी ओला दिसतो तो चेंबरच, आणि थेंबही त्याच्याच कडेवरून पडतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन गळतं, ऑइल फिल्टरची रबरी रिंग नीट बसलेली नसते, प्रेशर स्विचमधून तेल पाझरतं, टायमिंग कव्हरची कड सुटते, क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) मागचं सील जातं. त्यात गाडी पळताना खालून जाणारा वारा हे तेल मागे ढकलत नेतो, म्हणून पुढची गळती मागे असल्यासारखी भासते.

मी पहिल्यांदा हे काम काढलं तेव्हा नवा चेंबर, पॅकिंग, जोड बंद करणाऱ्या सिलिकॉनची ट्यूब, सगळं आणून ठेवलं होतं. इंजिनाच्या खालच्या अंगाला तेल आणि धुळीचं काळं कीट बोटभर जमलेलं. त्यात हात घालवेना म्हणून आधी ते धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी वीसेक किलोमीटर फिरून आलो आणि टॉर्च घेऊन वाकलो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून मधाच्या रंगाची एक बारीक ओली रेघ ब्लॉकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरून, सरळ खाली उतरली होती आणि चेंबरच्या कडेशी येऊन थेंब धरत होती. चेंबर ठणठणीत होता. धुतलं नसतं तर तो काढून नवा बसवला असता आणि आठवड्याने पुन्हा तोच डाग पाहिला असता.

म्हणून आधी धुणं. डिग्रीझर मारा, वायरिंगचे जोड आणि अल्टरनेटर झाकून पाण्याने साफ करा, वाळू द्या, गाडी फिरवून आणा आणि मग वरून खाली बघत या. जो सगळ्यात वरचा ओला ठिपका, तिथे गळती. तरीही कळत नसेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडून गाडी चालवा, ओघळाची वाट पावडरीत उमटते. तेलात घालायचा अल्ट्राव्हायोलेट रंगही मिळतो, तो निळ्या टॉर्चखाली चमकतो. आणि या सगळ्याच्या आधी ड्रेन नट, म्हणजे जुनं तेल सोडायचा चेंबरचा नट, बघा. त्याखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला की बसतो, दर वेळी तेल बदलताना तो नवा घालायचा असतो. "चेंबर गळतोय" अशा कित्येक तक्रारी त्या एका वॉशरपाशी मिटतात.

"गाडी जॅकवर उचला." मजकूर इथे पुढे एक शब्द बोलत नाही, आणि माणसं जीव गमावतात ती याच जागी. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधीही दगा देतं, गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक जराशा धक्क्याने कलंडतो. जमीन कडक आणि सपाट हवी. हँडब्रेक ओढलेला आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावलेलं हवं. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागांखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावायचे, गाडी त्यांच्यावर उतरवायची आणि खाली जाण्याआधी बाहेरून जोर लावून हलवून बघायची. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे नकोत, ते आधी सूचना न देता फुटतात. स्टँड नसतील तर हे काम करू नका. यावर मी कोणाशीही वाद घालणार नाही.

"तासाभराचं काम." काही गाड्यांत चेंबर खरंच मोकळा लटकत असतो, पंधरा-वीस बोल्ट सोडले की हातात. पण कित्येक गाड्यांत त्याच्या खालून सबफ्रेम (गाडीखालची आधाराची चौकट) आडवी जाते, सायलेन्सरचा पुढचा पाईप वाट अडवतो, काहींत इंजिनाचा माउंट सोडून इंजिन वरून टांगून धरावं लागतं. अॅल्युमिनियमचा चेंबर असेल तर तो बहुधा गिअरबॉक्सलाही बोल्टांनी जोडलेला असतो, आणि त्या बोल्टांची लांबी जागोजागी वेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी घातला की तो तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि कड मात्र सैल राहते. मी पुठ्ठ्यावर चेंबरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवतो. तर गाडीखाली आधी नुसतं पाठीवर पडून बघा, काय काय सोडावं लागेल ते मोजा आणि मग वार ठरवा. एक दिवस पुरत नाही, का ते पुढे येईलच.

"पॉलिश पेपरने घासून काढा." पॉलिश पेपरचे आणि खरखरीत पॅडचे कण अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे असतात. ते वरच्या उघड्या ब्लॉकमध्ये उडतात, तेलात मिसळतात आणि क्रँकला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसून क्रँक घासत राहतात. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने, रिमूव्हर लावून, सावकाश काढायचं. चेंबर सुटत नसेल तर जोडात पेचकस घालून उचकटायचं नाही, अॅल्युमिनियमवर पडलेली एक खोल चर पुढे कायम गळते. बऱ्याच चेंबरांना उचकटण्यासाठी मुद्दाम ठेवलेली खाच असते, ती शोधा. नसेल तर रबरी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोका. पत्र्याच्या जुन्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी वर ओढली गेलेली असते. तोच पुन्हा बसवणार असाल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून ती सपाट करून घ्या.

"भरपूर सिलिकॉन." मजकुरातला मला सगळ्यात जास्त खुपलेला शब्द हा. एका मित्राच्या गाडीचा चेंबर चारेक महिन्यांपूर्वी बाहेरून बदलून घेतलेला होता. गळती थांबली होती, तो खूश होता. मग सिग्नलला उभं असताना तेलाचा लाल दिवा फडफडायला लागला. आम्ही चेंबर उतरवला. कडेच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा जाड, लोंबता काठ होता, आणि मधून मधून तुटलेला. तुटलेले तुकडे तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या जाळीत जाऊन बसले होते. चिमट्याने एकेक ओढून काढला. काही नुसते ठिपके, काही बोटाच्या पेराएवढे दोर, जाळीच्या भोकांतून अर्धे आत शिरलेले. जवळजवळ निम्मी जाळी बंद होती. इंजिन तेवढ्यातून श्वास घेतल्यासारखं तेल ओढत होतं. बेअरिंग वाचलं ते दिवा दिसताच त्याने गाडी बंद केली म्हणून.

जोडातून जेवढं सिलिकॉन बाहेर येताना दिसतं, साधारण तेवढंच आतही येत असतं. बाहेरचं आपण पुसतो, आतलं तिथेच राहतं. म्हणून आधी आपल्या गाडीला काय लागतं ते बघायचं. साच्यात घडवलेलं रबरी पॅकिंग असेल तर सिलिकॉन सहसा फक्त कोपऱ्यांत लागतं, जिथे टायमिंग कव्हर किंवा मागच्या सीलचं हाउसिंग ब्लॉकला मिळतं. पॅकिंगच नसेल, नुसतं सिलिकॉनच सांगितलं असेल, तर ३ ते ४ मिलिमीटर जाडीची एक अखंड रेघ पुरते, आणि ती बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगाने जायला हवी.

त्याहून मोठा प्रश्न तेलाचा. तेलकट पृष्ठभागावर कुठलंही सिलिकॉन धरत नाही, आणि ब्लॉकमधून तेल तासन् तास ठिबकत राहतं. पुसलं, रेघ ओढायला वळलो, की नवा थेंब हजर. मी रात्रभर ठिबकू देतो, सकाळी दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पांढऱ्या फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत पुसतो आणि मगच ट्यूब उघडतो. रेघ ओढल्यावर हातात मोजकीच मिनिटं असतात, ट्यूबवर आकडा दिलेला असतो. म्हणून चेंबर आधी एकदा कोरडाच लावून बघा. दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते बोल्ट ब्लॉकमध्ये हाताने फिरवले तर चेंबर त्यांच्यावरून सरळ वर सरकतो आणि रेघ कुठे फासली जात नाही.

"ताकद लावून आवळा." चेंबरचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ६ मिलिमीटरचे असतात, आणि त्यांना सांगितलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हे किती, तर पाव मीटर लांबीच्या रॅचेटच्या टोकाला ४ किलो वजन टांगल्याइतकं. गाडीखाली पडून माणूस त्याच्या पाच-सहा पट जोर सहज लावतो. मग पत्र्याची कड वाकते, रबरी पॅकिंग बाहेर फुटून येतं, आणि ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तर आटे जातात. आटे गेलेल्या भोकात नवे बसवणं हे चेंबर बदलण्यापेक्षा किचकट काम आहे, तेही पाठीवर पडून, डोक्यावर ठिबकणारं तेल घेत. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा आणि छोट्या मापाचा टॉर्क पाना कोणाकडून तरी मागून आणा. सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवायचे. मग मधून सुरू करून समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. चेंबर गिअरबॉक्सलाही जोडलेला असेल तर आवळण्याआधी त्याचा मागचा पृष्ठभाग ब्लॉकच्या पातळीत आहे का, ते सरळ पट्टी लावून बघा.

"तेल ओता आणि निघा." बऱ्याच सिलिकॉनना पूर्ण धरायला २४ तास लागतात. तासाभरात गरम तेल त्याच्यावर सोडलं तर सगळी मेहनत पाण्यात. रात्रभर ठिबकणं आणि दिवसभर वाळणं, एक दिवस का पुरत नाही ते यातच आलं. तेल पुस्तिकेत दिलेल्या मापानेच. जास्त झालं तर क्रँक त्यात आपटून फेस होतो, आणि पंप मग तेलाऐवजी फेस ओढतो. इंजिन सुरू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर थोडा वेळ चालवून बंद करा, तेल खाली उतरू द्या आणि डिपस्टिकवर पातळी बघा. काही दिवसांनी "एकदा पुन्हा आवळून घेऊ" हा मोह मात्र टाळा. धरलेलं सिलिकॉन त्याने तडकतं.

"चिरेवर इपॉक्सी." घरापर्यंत पोचायला, हो. चीर कोरडी करून, घासून, पुसून लावलं तर काही दिवस टिकतंही. पण चेंबरमधलं तेल ९०-१०० अंशांपर्यंत तापतं, पुन्हा थंड होतं, आणि इंजिन सतत थरथरतं. लेपाची कड कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि ती सुटते तेव्हा सगळं तेल काही मिनिटांत रस्त्यावर असतं.

"लाल दिवा लागेपर्यंत काळजी नाही." तो दिवा तेल किती उरलंय ते सांगतच नाही. तो दाबाचा आहे, आणि दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. तोवर पंपाने हवा ओढलेली असते आणि बेअरिंगमधला केसाहून पातळ थर तुटलेला असतो. काही गाड्यांत पातळीचा सेन्सर वेगळा असतो, पण तो दिवा वेगळा. गळणाऱ्या गाडीत डिपस्टिक दर दोन दिवसांनी बघायची, आणि तेल सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपवर पडत असेल, जळका वास येत असेल, तर ती गाडी चालवायचीच नाही. आग लागते.

मजकुरात अजिबात नसलेली एक गोष्ट राहिली. चेंबर दगडावर आपटून फुटला असेल तर नुसता तोच बदलून भागत नाही. तळ आत चेपला की तो वरच्या जाळीला जाऊन भिडतो, नळी वाकते किंवा तिच्या मुळाशी असलेली रबरी रिंग फाटते. मग नवा चेंबर कोरडा ठणठणीत असतो आणि पंप मात्र हवा ओढतो. चेंबर उतरला की जाळी हाताने हलवून बघा, टॉर्चने आत बघा, आणि काढलेल्या चेंबरच्या तळाशी बोट फिरवा. बारीक काळा गाळ चालतो. चमकणारे धातूचे कण लागले तर नवा चेंबर चढवू नका, आधी कोणा जाणत्याला दाखवा.

रविवारी उरकणार होता त्याला मी एवढंच कळवलंय की या रविवारी फक्त इंजिन धू, ड्रेन नटचा वॉशर बदल, आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेव. सोमवारी पुठ्ठ्याचा फोटो पाठव.